क्लासात टेबल, ऑफिसात रिअ‍ॅक्ट आणि काकांच्या साइटवर साड्याच दिसेनात

अर्धवट_टॅग | ८ जानेवारी, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. पहिलाच धागा आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, राहते नाशिकला, सातपूरला. सकाळी कॉलेज, दुपारी कॉलेज रोडला वेब डिझाइनचा क्लास आणि गुरुवार ते शनिवार संध्याकाळी शरणपूर रोडच्या एका छोट्या ऑफिसात इंटर्नशिप, बिनपगारी. तिन्हीकडे काय चाललंय ते सांगते, म्हणजे मला वेड लागायचं फक्त बाकी का आहे ते कळेल.

कॉलेजात एचटीएमएल (वेबपान लिहायची भाषा) जर्नलमध्ये हाताने लिहायचं. पेनाने. आउटपुट म्हणून समोरच्या कोऱ्या पानावर पट्टी-पेन्सिलने ब्राउझरची चौकट आखायची आणि त्यात बटण काढायचं. परवा एक क्लोजिंग टॅग राहिला तर मॅडमनी लाल गोल करून अख्खं पान परत लिहायला लावलं. ब्राउझरसुद्धा एवढा कडक नाही हो, तो घेतो की सांभाळून.

क्लासचे १८ हजार भरलेत (बाबांनी, हप्त्याने). दीड महिना झाला, अजून टेबलवर लेआउट (चौकटी आखून पान मांडायची जुनी पद्धत) चाललाय. आणि नोट्सच्या झेरॉक्समध्ये फ्लॅशवर (ब्राउझरमध्ये अॅनिमेशन चालवायचं जुनं सॉफ्टवेअर) चक्क एक धडा आहे. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं, तेव्हा मी नववीत होते. लॅबचे पीसी ४ जीबी रॅमचे, क्रोम आणि कोड लिहायचं व्हीएस कोड एकदम उघडले की पिठाची गिरणी चालू झाल्यासारखा आवाज येतो.

ऑफिसात दुसऱ्याच दिवशी विचारलं, रिअ‍ॅक्ट (साइट बांधायचं नवीन साधन) येतं का. नाही म्हटलं तर फोटो क्रॉप करायला बसवलं. दोन महिने झाले, फोटोच क्रॉप करतेय.

आता खरं दुखणं. माझ्या मावसकाकांचं येवल्याला पैठणीचं दुकान आहे, घरात दोन माग आहेत. त्यांना साइट करून देतेय, हीच कॉलेजात प्रोजेक्ट म्हणून २० तारखेला द्यायचीय. एकूण ४२ साड्यांचे फोटो. माझ्या लॅपटॉपवर सगळं झकास दिसतं. गिटहब पेजेसवर (साइट नेटवर फुकट ठेवायची जागा, लिंक दिलीय) टाकली की ११ साड्या दिसतात आणि ३१ साड्यांच्या जागी ते फाटक्या कागदाचं चित्र. क्लासात सरांना विचारलं, ते म्हणाले कॅश (ब्राउझरने साठवलेलं जुनं) क्लिअर कर. केली, दहा वेळा केली. ऑफिसात विचारलं तर हसले. काकांना लिंक पाठवली तर त्यांचा फोन, "अगं साड्या कुठं गेल्या, विकल्या का?"

तर प्रश्न असा, की क्लास सोडून द्यावा का? यूट्यूबवर सगळं फुकट आहे म्हणतात. की माझ्याच डोक्यात काही शिरत नाहीये? गोदेचा पूर ज्याच्यावरून मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या गळ्यापर्यंत पाणी आलंय असं समजा.


तर्री_जास्त | ८ जानेवारी, रात्री ११:५८

"विकल्या का?" काकांना माझा साष्टांग नमस्कार सांगा. साइट सुरू व्हायच्या आत ३१ साड्या खपवणारा दुकानदार मी पहिल्यांदा बघतोय.


सिडकोवासी | ९ जानेवारी, सकाळी ७:१०

पेन्सिलने बटण काढता ते ठीक, पण त्याच्यावर माउस नेल्यावर रंग बदलतो तो कसा दाखवता?


तर्री_जास्त | ९ जानेवारी, सकाळी ७:१४

शेडिंग. आणि लिंकवर क्लिक केलं की पान उलटायचं.


गंगापूररोडकर | ९ जानेवारी, सकाळी ९:३५

अगं पोरी (माझी पुतणी तुझ्याच वयाची आहे म्हणून पोरी म्हणतो, राग मानू नकोस), मी २००३ साली मेनरोडला एका सायबर कॅफेत तासाला २० रुपये देऊन शिकलो. घरी कॉम्प्युटर नव्हता. केलेलं काम फ्लॉपीत घ्यायचं आणि ती फ्लॉपी दप्तरात वाकू नये म्हणून कंपासपेटीखाली दाबून सायकलवर घरी न्यायची. का न्यायची ते विचारू नकोस, घरी लावायला कॉम्प्युटरच नव्हता, पण उशाशी असली की बरं वाटायचं. १.४४ एमबीची फ्लॉपी. तुझ्या काकांच्या एका साडीचा पदरसुद्धा मावणार नाही तिच्यात.

तेव्हा आम्हाला काय शिकवलं? फॉन्ट टॅग, डावीकडून उजवीकडे पळणारी अक्षरं, खाली "आपण इतकेवे पाहुणे" असा काउंटर, आणि साइट ८०० बाय ६०० मध्ये बसवायची. सीएसएसचं (पानाचे रंग-मांडणी ठरवणारी भाषा) पहिलं स्टँडर्ड १९९६ सालचं, पण आमच्या सरांना ती २००३ मध्येही नव्याने आलेली वाटायची. म्हणजे क्लास दहा वर्षं मागे असणं ही काही आजची गोष्ट नाही. मी त्यातलं आज काहीही वापरत नाही. एकच गोष्ट वापरतो ती म्हणजे समोर चुकलेलं पान असताना न ओरडता बसणं. ती मात्र तिथेच शिकलो, कारण मीटर चालू असायचा.

क्लास सोडू नको म्हणत नाही. आधी साड्या शोधू. तुझ्या कोडमध्ये फोटोचा पत्ता सी ड्राइव्हपासून सुरू होतोय का? बहुतेक पोरांचं तिथेच अडतं. आणि दुसरं, त्या ११ साड्यांमध्ये असं काय आहे जे ३१ मध्ये नाही?


सिडकोवासी | ९ जानेवारी, सकाळी ९:५०

मेनरोडचा तो कॅफे, लाकडी खोपटी आणि पडदे लावलेला? काका, तिथे तुम्ही खरंच एचटीएमएल शिकायला जायचात?


गंगापूररोडकर | ९ जानेवारी, सकाळी १०:०२

पुतणी हा धागा वाचते. पुढे चला.


निफाडची_थंडी | ९ जानेवारी, दुपारी १:२०

ताई तुमचं निदान कॉलेज रोडला तरी चालू राहिलंय. आमच्याकडे वस्तीवर रेंज फक्त गच्चीवर, त्यात लाईट कधी येती कधी जाती. मी यूट्यूबवरूनच शिकू राहिलो, क्लास नाही काही नाही. रोजचा दीड जीबी डेटा, त्यात एक व्हिडिओ पाहायचा म्हणजे त्याच्या पहिल्या दहा मिनिटात तो माणूस स्वतःची ओळख आणि दुसऱ्या कोर्सची जाहिरात करतो. त्यात थंडीने बाग धोक्यात, पहाटे तीनला उठून द्राक्षाच्या बागेत शेकोट्या कराव्या लागतात, बोटं आखडली की सेमीकोलन सुद्धा धड टाइप होत नाही. यूट्यूब फुकट आहे हे ज्यांनी सांगितलं त्यांना माझ्या गच्चीवर पाठवा.

साड्यांचं मला नाही माहीत, पण मी तुमची साइट उघडायचा प्रयत्न केला, अर्ध्यातच माझा आजचा डेटा संपला. केवढे मोठे फोटो आहेत ते?


अर्धवट_टॅग | ९ जानेवारी, दुपारी ४:४५

@निफाडची_थंडी सॉरी दादा!! एकेक फोटो ५-६ एमबीचा आहे, तसेच टाकलेत.

@गंगापूररोडकर काका, पत्ता सी ड्राइव्हचा नाहीये, ते एकदा नडलं होतं तेव्हाच शिकले. आणि तुम्ही विचारलंत म्हणून नीट पाहिलं. दिसणाऱ्या ११ साड्या काकूंनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या. न दिसणाऱ्या ३१ काकांच्या मुलाने चांगल्या कॅमेऱ्याने काढलेल्या. म्हणजे चांगले फोटो दिसत नाहीत आणि भंगार दिसतात. नावं मी सगळ्यांची डिझाइनवरून बदलली, मुनिया-१, मुनिया-२, बांगडीमोर-१, असावली-३ अशी. व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांच्या नावाचं शेपूट वेगळं असतं, जेपीजी नाही जेपीईजी, ते आधीच कळलं कारण लॅपटॉपवरच दिसेनात, ते दुरुस्त केलं.


तर्री_जास्त | ९ जानेवारी, दुपारी ४:५१

सर्व्हरला गरिबांच्या साड्या आवडतात.


खडू_डस्टर | ९ जानेवारी, रात्री १०:१५

मी अशाच एका क्लासात शिकवतो (कुठल्या ते सांगत नाही, तुमचा नसावा अशी देवाला प्रार्थना). दुसरी बाजू मांडतो, मग मारा हवं तर.

नोट्स मी छापत नाही, क्लासचे मालक छापतात, आणि एकदा गठ्ठा छापला की तो संपेपर्यंत सिलॅबस तोच. मला पैसे बॅचमागे मिळतात. बॅचमध्ये २४ मुलं आणि चालू पीसी १०. त्यात अर्ध्या मुलांना फोल्डर म्हणजे काय हेच माहीत नसतं. हसू नका. ही मुलं मोबाइलवर वाढलीत, त्यांच्यासाठी फोटो गॅलरीत असतो, फाइल कुठेतरी "असते" एवढंच. ती कुठे आहे, तिचा पत्ता काय, एका फोल्डरातून बाहेर येऊन दुसऱ्यात कसं जायचं हे समजवण्यात माझे पहिले दोन आठवडे जातात. मी कॅनडा कॉर्नरहून सीबीएसला जायचं आणि सीबीएसहून शालिमारला, असा फळ्यावर नकाशा काढून पाथ शिकवतो.

टेबलबद्दल. ईमेलमध्ये जे सजवलेले निरोप येतात ना, बिल, ऑफर वगैरे, ते बहुतेक आजही टेबलमध्येच बांधतात, कारण विंडोजवरच्या जुन्या आउटलुकने २००७ च्या आवृत्तीपासून पान दाखवायला वर्डचं इंजिन घेतलं आणि तिथे नवीन सीएसएस धड चालत नाही. म्हणजे टेबल मेलेलं नाही. पण हे कारण मुलांना सांगितलं जात नाही हे मान्य. फ्लॅशच्या धड्याबद्दल मात्र मान खाली.

आणि "कॅश क्लिअर कर" असं मीही सांगतो. सहाला पुढची बॅच दारात चपला काढत असते हो.


पुन्हा_शिकणारी | १० जानेवारी, सकाळी ११:०५

खडू_डस्टर सर, तुमचा तो सीबीएस-शालिमार नकाशा इथेच टाका ना, माझ्या उपयोगाचा आहे.

मी ४१ वर्षांची, इंदिरानगरला राहते, बारा वर्षांच्या गॅपनंतर पुन्हा शिकतेय. लॅपटॉप एकच, मुलाची दहावी, त्यामुळे तो माझ्या हातात येतो रात्री दहानंतर. माझे चार दिवस कशात गेले माहितीये? डब्याला रुंदी दिली ३००. आत पॅडिंग (कडेची मोकळी जागा) दिलं दोन्हीकडे २०-२०. झाला ३४० चा आणि शेजारच्या डब्याला जागा पुरेना म्हणून तो गेला खाली. मी म्हणतेय ३०० आणि तो होतोय ३४०. स्वयंपाकघरातली मांडणी असती तर मी डबा बदलला असता, इथे काय बदलायचं तेच कळेना. शेवटी एक ओळ निघाली, बॉक्स सायझिंग बॉर्डर बॉक्स, म्हणजे पॅडिंग-बॉर्डर धरूनच रुंदी मोज. ती एक ओळ पहिल्या दिवशी का सांगत नाहीत?

ताई, तू क्लास सोडू नकोस असं मला वाटतं. एकटीने शिकताना सगळ्यात वाईट काय तर आपली चूक मूर्खपणाची आहे की सगळ्यांची होते हे कळायला मार्ग नसतो.


अर्धवट_टॅग | १० जानेवारी, दुपारी १२:३०

ताई!!! ही बॉर्डर बॉक्सची गोष्ट मला काकांमुळे समजली. मी येवल्याला हेच रडगाणं गात होते तर ते म्हणाले, पन्हा काठासकटच मोजतात, काठ धरून जेवढा पन्हा तेवढीच साडी, काठ मोठा घेतला की मधलं अंग कमी होतं. मी म्हटलं बाप रे, हेच तर आहे. नारळी काठ म्हणजे आमची बॉर्डर. मागावर बसणाऱ्या माणसाने एका वाक्यात सांगितलं.


अंबड_लिंकरोड | १० जानेवारी, रात्री ९:४०

सहा माणसांचं ऑफिस चालवतो, स्पष्टच बोलतो. बिनपगारी बिनपगारी म्हणून रडणं बंद करा. नवीन मुलगा आला की तीन महिने त्याच्याकडून काम होत नाही, उलट माझ्या एका जुन्या माणसाचा अर्धा दिवस त्याला समजावण्यात जातो. तो खर्च कोण धरतं? आणि शिकवलं की पुण्याला पळतात. फोटो क्रॉप करायला लावलं म्हणजे अपमान नाही. ५ एमबीचा फोटो जसाच्या तसा साइटवर टाकणाऱ्या मुलीला फोटोचंच काम दिलं हे त्या ऑफिसचं बरोबरच आहे.


पुन्हा_शिकणारी | १० जानेवारी, रात्री १०:२२

अहो, दोन महिने फोटो क्रॉप करून घेतले पण साइटवर टाकताना फोटो लहान करायचा असतो हे कुणी एकदाही सांगितलं नाही, हाच तर तिचा मुद्दा आहे. तुमचा जुना माणूस अर्धा दिवस समजावतो म्हणता. तिथे कुणीच समजावत नाहीये. मग खर्च कसला धरायचा? रिक्षाचं भाडं ती स्वतः देते.


अंबड_लिंकरोड | १० जानेवारी, रात्री १०:३१

सगळी ऑफिसं सारखी नसतात मॅडम. माझ्याकडे प्रवासखर्च देतो.


पुन्हा_शिकणारी | १० जानेवारी, रात्री १०:३३

मग आधी तेच लिहायचं ना.


तर्री_जास्त | १० जानेवारी, रात्री १०:३४

*शेंगदाणे घेऊन बसलो आहे*


संपादक | ११ जानेवारी, सकाळी ८:००

विषयाला धरून राहा. व्यक्तिगत नको. (आणि साड्या सापडल्या का ते आम्हालाही हवंय.)


अक्षरवेडा | ११ जानेवारी, सकाळी ११:४५

उशिरा आलो, रविवार कारंजावर डीटीपीचं काम करतो, लग्नपत्रिकांचा हंगाम आहे. साड्या सापडल्या. कॅमेरा फाइलचं नाव देताना शेवटचं जेपीजी कॅपिटलमध्ये लिहितो. विंडोज ते शेपूट मुळातच लपवून ठेवतं, म्हणजे तुम्ही नाव बदललंत तेव्हा फक्त पुढचं नाव बदललं, मागे कॅपिटल जेपीजी तसंच राहिलं. कोडमध्ये तुम्ही स्मॉलमध्ये लिहिलंय. विंडोजला कॅपिटल-स्मॉल एकच, त्यामुळे लॅपटॉपवर दिसतात. वेबचे सर्व्हर (साइट जिथून येते ती मशिनं) बहुतेक लिनक्सवर, तिथे ही दोन वेगळी नावं. मुनिया मागितली, तिथे मुनियाच्या कॅपिटल आडनावाची बाई बसलीय, सर्व्हर म्हणतो अशी कुणी नाही. फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यूमध्ये जाऊन एक्स्टेन्शन दाखवायची खूण करा, सगळं दिसेल.

आता साइट उघडलीच होती म्हणून माझ्या धंद्याचं दोन शब्द. तुमच्या मथळ्यात "पैठणी" या शब्दाची शिरोरेषा तुटलीय. लेटर स्पेसिंग दिलंय ना? इंग्रजीत अक्षरं लांब केली की रुबाबदार दिसतात. देवनागरीला ते देऊ नका, डोक्यावरची रेघ फाटते आणि शब्दाचे मणी होतात. ओळींमधलं अंतरही इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतायत. आणि पानाच्या सुरुवातीला भाषा इंग्रजी लिहिलीय ती मराठी करा. काही फॉन्टमध्ये मराठीचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळा काढलेला असतो, भाषा सांगितली तरच तो आपला ल देतो.


सिडकोवासी | ११ जानेवारी, दुपारी १२:०१

"कॅपिटल आडनावाची बाई" 😂 टोपी उतरवली.


अर्धवट_टॅग | ११ जानेवारी, दुपारी १२:४०

अक्षरवेडा सर, खरंच आहे, आत्ता खूण केली, ३१ च्या ३१ कॅपिटल!!! माझी मैत्रीण पण म्हणाली होती की हेडिंग माळेसारखं का दिसतंय, मी म्हटलं डिझाइन आहे ते.

एक विचारू? काकांनी दुकानाची माहिती जुन्या पत्रकाच्या फाइलमधून दिलीय, ती पेस्ट केली की नुसतीच इंग्रजी अक्षरं आणि टोप्या घातलेले ए येतात. ते पण कॅपिटलचंच का?


अक्षरवेडा | ११ जानेवारी, दुपारी १:१५

नाही, तो आमच्या पिढीचा प्रसाद. पत्रक श्रीलिपीत किंवा तशाच जुन्या फॉन्टमध्ये केलेलं असणार. त्या फॉन्टमध्ये आत अक्षरं इंग्रजीचीच असतात, फक्त त्यांच्या अंगावर मराठीचे कपडे. फॉन्ट काढला की आतला साहेब बाहेर. युनिकोडमध्ये मराठीला स्वतःचं घर आहे, त्यामुळे मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावा लागतो. आणि रूपांतर करून घेतलात तरी एकदा डोळ्यांनी वाचा, जोडाक्षरं आणि रफार हमखास घसरतात. "वर्षे" चं काय होईल सांगता येत नाही. फाइल मला पाठवा, अर्ध्या तासाचं काम आहे. पैसे नकोत. काकांना म्हणावं पत्रिकांचं काम असलं तर बघा.


निफाडची_थंडी | ११ जानेवारी, संध्या. ७:३०

वर्षानुवर्षं पंचायतीच्या फायली अशाच टोप्या घातलेल्या पाहू राहिलो, आज कळलं काय भानगड ए ते.


अर्धवट_टॅग | १३ जानेवारी, रात्री १:०५

झोप उडालीये. सगळ्या ३१ फाइलींची नावं स्मॉल केली. लॅपटॉपवर दाखवतंय स्मॉल. कमिट केलं, पुश केलं (बदल नोंदवून गिटहबवर पाठवले). साइटवर तेच, फाटके कागद. कॅश क्लिअर केली (सर, तुमची आठवण काढत). दुसऱ्या फोनवर पाहिलं. आईच्या फोनवर पाहिलं. तेच. गिटहबवर जाऊन पाहिलं तर तिथे अजून कॅपिटलच! मी बदललेलं कुठे गेलं मग? २० तारीख जवळ आली आणि उद्यापासून येवल्यात पतंग, भोगी-संक्रांत-कर तीन दिवस काका गच्चीवरून खाली उतरणार नाहीत, काही विचारायचं झालं तर मांजा सोडून फोन कोण घेणार.


गंगापूररोडकर | १३ जानेवारी, सकाळी ८:२०

हा, हे होणार होतं, मी कालच सांगायला हवं होतं. विंडोजवर गिटसुद्धा (बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम) विंडोजचं ऐकतं. कॅपिटलचं स्मॉल केलं की त्याला वाटतं काही बदललंच नाही, मग ते पाठवतही नाही. दोन पायऱ्यांत कर. आधी नाव सरळ वेगळंच दे, मुनिया-१ चं मुनिया-१-नवीन, स्मॉल जेपीजी. कमिट कर. मग हवं तर परत जुनं नाव दे आणि पुन्हा कमिट. किंवा गिटच्याच एमव्ही कमांडने नाव बदल, मग त्याला कळतं. मी यावर एकदा अख्खी रात्र घालवलीय, माझ्या मुख्य क्लायंटच्या साइटवर, आणि तेव्हा मला या धंद्यात अकरा वर्षं झाली होती.

आणि आता झोप. रात्री एक वाजता गिटशी भांडू नये.


खडू_डस्टर | १३ जानेवारी, सकाळी ८:४५

हे मलाही माहीत नव्हतं. वहीत लिहून घेतलं.


पुन्हा_शिकणारी | १३ जानेवारी, सकाळी ९:३०

नावं बदलतेच आहेस तर त्याच फेरीत फोटोही लहान करून घे. रुंदी १२०० पुरते, वेबपीमध्ये (फोटोचा हलका प्रकार) काढलास तर एकेक दीडशे-दोनशे केबीवर येतो. आणि खालच्या साड्यांना लेझी लोडिंग लाव, माणूस खाली येईल तेव्हा उघडतील. निफाडच्या दादांना गच्चीवर थंडीत उभं करू नकोस.

तिळगूळ घ्या सगळ्यांनी. अंबड_लिंकरोड तुम्हीपण.


अंबड_लिंकरोड | १३ जानेवारी, सकाळी १०:०५

घेतला. तुम्हालाही. @अर्धवट_टॅग, दोन महिने फोटोच करत असशील तर तिथल्या वरिष्ठाला सरळ सांग की एक पान, अगदी "संपर्क" चं पान, मला करू द्या, चुकलं तर मी दुरुस्त करीन. नाही म्हणाले तर सोड. त्यात लाजायचं काही नाही. आणि २०२७ च्या सिंहस्थासाठी पंचवटीतले लॉजवाले आत्तापासून साइट विचारतायत, त्यांना रिअ‍ॅक्ट नको असतं. खोलीचा फोटो दिसला पाहिजे, फोन नंबर दाबला की लागला पाहिजे आणि रामकुंडापासून किती अंतर ते लिहिलेलं पाहिजे.


तर्री_जास्त | १३ जानेवारी, सकाळी १०:१२

रामकुंडापासूनचं अंतर लॉजवाल्याने सांगितलेलं की खरं?


अंबड_लिंकरोड | १३ जानेवारी, सकाळी १०:१५

ते क्लायंट ठरवतो.


अर्धवट_टॅग | १६ जानेवारी, रात्री ९:२०

दिसल्या!!!!! ४२ च्या ४२. गिट एमव्हीने केलं, ३१ वेळा. सगळी साइट आता सात एमबीत आली, निफाडचे दादा आता उघडून बघा.

काका गच्चीवरून उतरले (नाकाला ऊन लागून लाल झालंय, आठ पतंग काटले म्हणे). साइट पाहिली. म्हटलं आता शाबासकी. तर म्हणतात, "ही डाळिंबी नाही, ही विटकरी आहे. विटकरी बघून कोण घेईल?" माझ्या लॅपटॉपवर डाळिंबी, त्यांच्या फोनवर विटकरी, काकूंच्या फोनवर जवळजवळ राणी. आता?


अक्षरवेडा | १६ जानेवारी, रात्री १०:००

तिघांच्या स्क्रीनवर एकसारखा रंग दाखवणं तुमच्या हातात नाही. छपाईत मी वीस वर्षं हेच ऐकतोय. पण दोन गोष्टी हातात आहेत. फोटो ट्यूबलाइटखाली काढू नका, सकाळी सावलीत दारात काढा, पिवळेपणा जातो. आणि फोटो लहान करताना त्यातलं कलर प्रोफाइल उडालं असेल तर काही फोनमधले रंग फिके पडतात, लहान करायच्या आधी एसआरजीबीत (स्क्रीनचं नेहमीचं रंगमाप) बदलून घ्या. शिवाय रेशमात उभा धागा एक आणि आडवा वेगळा असला की साडी हलली की रंग बदलतो, ते एका फोटोत येणारच नाही. दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या, पदर हलवताना.


निफाडची_थंडी | १६ जानेवारी, रात्री १०:४०

उघडली. पटकन आली. बांगडीमोर भारी ए. केवढ्याला ए ते कुठं लिहिलंय?


अर्धवट_टॅग | १६ जानेवारी, रात्री १०:४४

किंमत काका लिहू देत नाहीत. "दुकानात या" असं बटण आहे.


तर्री_जास्त | १६ जानेवारी, रात्री १०:४६

ऑनलाइन दुकानाचं एकमेव बटण: दुकानात या.


खडू_डस्टर | १७ जानेवारी, सकाळी ८:१०

मूळ प्रश्न राहिलाच की. क्लासचं काय ठरलं?


अर्धवट_टॅग | १७ जानेवारी, दुपारी ५:३०

सर, काल आमच्या सरांना ते कॅपिटलचं दाखवलं. ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले, मग म्हणाले, मागच्या बॅचमध्ये तीन पोरांचं असंच झालं होतं, मी त्यांनाही कॅशच सांगितलं, एकाने तर प्रोजेक्टच बदलला. मग त्यांनी मला फळ्यापाशी बोलावलं आणि बॅचला सांगायला लावलं. मी सांगितलं. अर्ध्यांना कळलं नाही, मग तो सीबीएस-शालिमार नकाशा काढून सांगितलं (तुमचा चोरला, सॉरी). मार्चपर्यंतचे हप्ते भरून झालेत, त्यामुळे तोपर्यंत जाणार. फ्लॅशचा धडा आम्ही स्टेपलरने बंद केलाय.

ऑफिसात संपर्काचं पान मागितलं. "बघू" म्हणाले. सोमवारपर्यंत वाट बघते.

आणि कॉलेजचं तर ऐका. मॅडम म्हणाल्या लिंक नको, लॅबला नेट नसतं. सगळ्या पानांचे स्क्रीनशॉट काढा, कलर प्रिंट घ्या आणि स्पायरल बाइंडिंग करून आणा.


सिडकोवासी | १७ जानेवारी, संध्या. ५:४१

वेबसाइटचं स्पायरल बाइंडिंग. पेन्सिलच्या बटणापासून प्रगती आहे.


तर्री_जास्त | १७ जानेवारी, संध्या. ५:४४

प्रिंटमध्ये तरी ४२ साड्या दिसतायत ना?


अर्धवट_टॅग | १७ जानेवारी, संध्या. ७:०२

दिसतायत. आत्ताच झेरॉक्सवाल्याकडून आले. डाळिंबी जांभळी आलीय.